जुन्या स्पोर्ट्‌स कारचं तेल गळतंय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे करून बघा

आमच्या अंगणात तुळशीपासून चार पावलांवर रुपयाएवढा काळा डाग दिसला, तेव्हा आईनं विचारलं, "हे रे काय?" दुसऱ्या दिवशी दोन डाग. आठवड्याभरात तिनं गाडीखाली फाटकं गोणपाट अंथरलं आणि तिच्यापुरता विषय संपवला. माझा तिथून सुरू झाला.

गाडी दोन सीटची, उघड्या टपाची, १९९० च्या दशकातली. एका गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसानं खाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या बेल हाऊसिंगच्या तळाशी थेंब लोंबत होता. निदान दोन मिनिटांत झालं: मागचं ऑइल सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या शाफ्टच्या मागच्या टोकाभोवतीचं रबरी कडं गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. बारा दिवस गाडी तिथं पडून होती. बिल किती झालं ते घरी अजून सांगितलेलं नाही. गाडी आणली आणि तिसऱ्या सकाळी गोणपाटावर परत ओला डाग.

मग इथं गोव्यात डिचोलीच्या बाजारामागे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेस्ताकडे, म्हणजे मिस्त्रीकडे गेलो. तो खाली वाकलाच नाही. बॉनेट उघडलं, टॉर्च हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या पार मागच्या बाजूला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) दिशेनं मारली, तिथं बोट फिरवलं आणि ते काळं बोट माझ्यापुढे धरलं. म्हणाला, "बाब, तेल वयल्यान सकयल येता. सकयल्यान वयर वचना." तेल वरून खाली येतं, खालून वर जात नाही. हेडच्या मागे बसवलेल्या सेन्सरची रबरी ओ-रिंग गेली होती. नवी तीस रुपयांना मिळाली.

पहिलीच जुनी स्पोर्ट्‌स कार घेतलेल्या आणि आजवर स्टेपनी बदलण्यापलीकडे पान्याला हात न लावलेल्या माणसासाठी हे लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे. मी तो उलटा केला होता.

आधी बघा, ते इंजिन ऑइलच आहे का

गाडीखालचा ओला डाग पाहून लगेच इंजिनावर आळ घेऊ नका. मे महिन्यात एसी लावून म्हापशाहून आलात तर गाडीखाली थारोळं साचतं, ते निव्वळ पाणी असतं. बोटावर थेंब घ्या आणि पांढऱ्या कागदावर टेकवा. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं आणि कागदावर हळूहळू पसरतं. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. एकदा नाकात गेला की आयुष्यभर विसरत नाही. लालसर असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं पातळ, वासाला गोडसर. फिकट पिवळं, पातळ आणि बोटांत निसटणारं काही चाकाजवळ किंवा पेडलच्या बाजूला दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तसं असेल तर गाडी हलवू नका आणि हा लेख बाजूला ठेवून ब्रेकवाल्याला बोलवा. रंगावर पडलं असेल तर लगेच पाण्यानं धुवा, ब्रेक ऑइल रंग खातं.

इंजिन ऑइलच आहे हे ठरलं की एक मोठा पुठ्ठा आणा. फ्रिजच्या खोक्याचा सगळ्यात चांगला. तो इंजिनाखाली सरकवा आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा त्यावर पेननं आखून ठेवा. सकाळी डाग कुठं पडला ते त्या खुणांवरून कळतं: पुलीच्या बाजूला, मधे चेंबरखाली (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याखाली) की मागे बेल हाऊसिंगखाली. थेंबही मोजा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दर दहा मिनिटांना एक थेंब पडला तर बारा तासांच्या रात्रीत ७२ थेंब, म्हणजे साडेतीन मिलिलिटरच्या आसपास. महिन्याला शंभर-एकशे दहा मिलिलिटर. अंगणात भयंकर दिसतं, पण त्यानं इंजिन मरत नाही. शोधायला सवड आहे एवढंच त्यावरून समजा.

गाडी दर वेळी एकाच जागी, एकाच तोंडानं लावा. आमच्याकडे सपाट अंगण मिळणं मुश्किल. नाक उताराकडे असेल तर मागची गळती पुढे येऊन फसवते. आणि काही गाड्या फक्त घाट चढल्यावर गळतात. चोर्ल्याच्या चढावर चेंबरमधलं तेल मागे जमतं आणि एरवी कोरडा राहणारा मागचा जोड त्यात बुडतो. तुमची गाडी शहरात कोरडी आणि घाटानंतर ओली राहत असेल तर ही गोष्ट लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

डिपस्टिक

सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, मग वाचा. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत लिटरभराचा फरक असतो. एअर-कूल्ड पोर्शे ९११ हा अपवाद: तिचं तेल वेगळ्या टाकीत असतं आणि पातळी इंजिन गरम आणि चालू असताना बघावी लागते. थंड इंजिनावर बघून वर आणखी तेल ओतणारे हौशी लोक आहेत. जास्त तेलही गळती लावतं. दोन वेगवेगळ्या माणसांनी 'थोडं टॉप-अप' केलेली गाडी असेल तर आधी पातळी बरोबर करा, कदाचित तेवढ्यावरच भागेल.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तेल गरम एक्झॉस्टवर पडून धूर येऊ लागला, किंवा दर आठवड्याला पातळी खालच्या खुणेपर्यंत येऊ लागली, तर गाडी उभी करा. एक्झॉस्टवरच्या तेलानं आग लागू शकते. हे तीन प्रकार सोडले तर घाई करू नका.

आता धुवा, आणि नीट धुवा

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. तीस वर्षांचं इंजिन तेलात आणि धुळीत माखलेलं असतं, त्यात आजचं तेल कुठलं आणि २००८ चं कुठलं हे देवही सांगू शकणार नाही. एक गोष्ट मात्र आपल्याकडे सोपी आहे. डिचोली-साखळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीवर जांभ्याची तांबडी धूळ बसते. जुनी, थांबलेली गळती या धुळीनं सुकून केकसारखी घट्ट झालेली असते. चालू गळतीची वाट मात्र त्या तांबड्या थरातून काळी, चकचकीत उमटते. म्हणून धुण्याआधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर किंवा कॉइल आणि हवेच्या फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधा. डिग्रीझर मारा, दहा मिनिटं थांबा, ब्रशनं घासा आणि साध्या पाइपच्या पाण्यानं हळू धुवा. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर गनला इथं बंदी. ती पाणी कनेक्टरमध्ये घुसवते आणि मग ऑइल गळतीऐवजी मिस-फायरिंग शोधत बसावं लागतं. रॉकेल-डिझेलनं धुणारे अजून आहेत. रबराचे होज त्यानं फुगतात आणि वास आठवडाभर केबिनमध्ये राहतो, उघड्या टपाच्या गाडीतसुद्धा.

धुऊन झालं की दिवसभर उन्हात वाळू द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नका. बाहेर पाऊस आणि आत दमट हवा, इंजिन कोरडं व्हायचं नावच घेत नाही.

शोध

कोरड्या इंजिनावर टाल्कम पावडर लावा. जुन्या मोज्यात भरून जोडांवर थापली की पातळ, सारखा थर बसतो. मग बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा आणि जागच्या जागी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. अंगठी, घड्याळ, ओढणी, मफलर सगळं काढून ठेवा. पुली आणि फॅनला दया नसते. गाडी लगेच पळवू नका, कारण वेगात हवा तेलाला मागे आणि चक्क वरही ढकलते आणि धुण्याची सगळी मेहनत वाया जाते. आधी उभ्या गाडीत बघा. तिथं काही दिसलं नाही तर दहा किलोमीटर फिरून या आणि परत बघा.

टॉर्च घेऊन सगळ्यात उंच ओली जागा शोधा. तिच्या खालचं सगळं ओलं असेल, त्याकडे बघू नका. वरून खाली जाताना साधारण हा क्रम लागतो.

ऑइल भरायच्या झाकणाचं रबर. मग टॅपेट कव्हरचं पॅकिंग, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाची कड. तिचे मागचे कोपरे खास बघा, तिथं टॉर्च पोचत नाही आणि म्हणून कोणी बघत नाही. छोटा आरसा लागतो. मी बायकोच्या पर्समधला घेतला आणि नंतर नवा आणून दिला. स्पार्क प्लगच्या खोबणीत तेल साठलंय का ते प्लगच्या तारा काढून पाहा.

मग हेडच्या मागच्या टोकाला बसवलेला डिस्ट्रिब्युटर किंवा सेन्सर. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये, म्हणजे १९८९ ते १९९७ च्या गाड्यांत, तिथं कॅम अँगल सेन्सर असतो आणि त्याची ओ-रिंग वयानं कडक होते. तेल हेडच्या पाठीवरून ओघळून बेल हाऊसिंगवर येतं आणि खालून बघणाऱ्याला हुबेहूब मागचं सील गेल्यासारखं दिसतं. लांबीला इंजिन बसवलेल्या पुष्कळ जुन्या गाड्यांत ही फसगत होते. मागचं सील गेलंय असं कोणीही सांगितलं की पहिला प्रश्न हाच विचारा: हेडची पाठ कोरडी आहे का, दाखवा.

त्याखाली ऑइल प्रेशर स्विच. ब्लॉकच्या बाजूला आट्यांनी बसवलेली, एका तारेची पितळी-प्लॅस्टिकची वस्तू. तिच्या प्लॅस्टिकमधूनच तेल झिरपतं आणि तारेच्या टोकाशी येतं. कनेक्टर काढून आत बघा, ओला असेल तर स्विच बदला. काम दहा मिनिटांचं, फक्त पाना कचकचून ओढू नका. आटे निमुळते असतात, जास्त आवळल्यास ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

ऑइल फिल्टर. नुकतंच ऑइल बदललं असेल आणि अचानक भडाभडा गळू लागलं असेल तर बहुधा जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली. फिल्टर काढा, जागा बोटानं चाचपा, नव्या रिंगला थोडं तेल लावा, टेकल्यावर हातानं पाऊण फेरी द्या. पाना लावायचा नाही.

पुढे पुलीजवळ क्रँकचं आणि कॅमचं, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचं सील. हे ओळखणं सोपं. फिरती पुली तेल गोल भिरकावते, म्हणून टायमिंग कव्हर आणि आसपास वर्तुळाकार शिंतोडे दिसतात. मग तळाशी चेंबर, त्याचं पॅकिंग, ड्रेन नट. शेवटी मागचं सील.

एवढं करूनही पत्ता लागला नाही तर तेलात टाकायचा चमकणारा रंग मिळतो. गाडी शे-दीडशे किलोमीटर चालवा आणि रात्री अंगणातला दिवा बंद करून जांभळ्या (यूव्ही) टॉर्चनं बघा. गळतीची वाट पिवळ्या-हिरव्या रंगात पेटते. पोरांना दाखवण्यासारखं काम आहे.

ब्रीदर बघितल्याशिवाय पाना उचलू नका

पिस्टनच्या बाजूनं थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये येतो. तो बाहेर जायला पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचा होज असतो. ही वाट चिकट्यानं बुजली की आत दाब वाढतो आणि तेल सगळ्यात कमजोर जोडातून बाहेर पडतं. पॅकिंग बदला, पुढच्या महिन्यात दुसरीकडून गळेल.

व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवा, आत खडखडलं पाहिजे. इंजिन चालू असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवली पाहिजे. होज पिळून बघा, कडक होऊन तडकला असेल तर बदला. मग ऑइलचं झाकण सैल करून तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखं उडायला लागलं आणि भकाभका वाफ आली, तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. ते इंजिन उघडायचं काम, पॅकिंगनं सुटणारं नव्हे.

त्याच झाकणाच्या आत पिवळट, लोण्यासारखा थर दिसला तर दचकू नका. पावसाळ्यात बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत दमट हवेचं पाणी साचून असं होतं; एकदा तास-दीड तास चालवून आणा. डिपस्टिकवरही तसंच दुधट तेल असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगचा संशय घ्या.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग: पहिलं काम इथून करा

नव्या माणसानं हात बसवायला यापेक्षा चांगलं काम नाही. वरून दिसतं, खाली झोपावं लागत नाही, सामान स्वस्त.

कॉइलच्या किंवा प्लगच्या तारांवर क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावा. बोल्ट कडेकडून मधे सैल करा, एकदम एक पूर्ण काढू नका. कव्हर चिकटलेलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमच्या कडेवर ओरखडा पडला की ती कायमची गळतीची वाट होते. लाकडी ठोकळा धरून हातोड्यानं बाजूनं टकटक केलं की सुटतं.

जुनं पॅकिंग खोबणीतून ओढून काढा. माझं निघालं तेव्हा रबर असं म्हणायला जीभ धजेना. नखानं दाबलं तर खूण उमटत नव्हती, वाकवलं तर वाळलेल्या मिरचीच्या देठासारखं कटकन मोडलं. खोबणीत जुन्या सीलंटचे तुकडे असतील तर प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा आणि उघड्या हेडवर स्वच्छ फडकं पसरून मगच खरवडा. आत पडलेला तुकडा तेलाबरोबर खाली जातो आणि पंपाच्या जाळीत अडकतो. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरनं कोरडे करा.

पॅकिंग खोबणीत कोरडंच बसवायचं. सीलंट फक्त जिथं कॅमची टोपी हेडला काटकोनात मिळते त्या कोपऱ्यांत, मटाराच्या दाण्याएवढं. इकडे गॅरेजात ॲनाबाँड सिलिकॉन सीलंटची ट्यूब म्हणजे अंगारा असल्यासारखी सगळीकडे फासतात. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळलेलं असतं, हे लक्षात ठेवा. गंमत म्हणजे हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतं. गोव्याच्या दमटपणाचा गाडीला झालेला माझ्या माहितीतला एकमेव फायदा. तरी चोवीस तास इंजिन चालू करू नका.

बोल्ट मधून सुरू करून बाहेर, गोल गोल, दोन टप्प्यांत. टॅपेट कव्हरच्या छोट्या बोल्टांना ताकद अगदी कमी लागते. एमएक्स-५ च्या कव्हरला ५ ते ९ न्यूटन मीटर, म्हणजे छोट्या रॅचेटवर दोन बोटांचा जोर. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघा आणि किती जोर लागला ते दाखवणारा टॉर्क रेंच उसना आणा. 'गळतंय ना, मग अजून आवळ' हा सल्ला देणाऱ्यापासून गाडी दूर ठेवा. जास्त आवळलेलं पॅकिंग पिळवटून बाहेर येतं आणि कव्हर वाकतं.

ओ-रिंगा आणि सील: नावापेक्षा माप

हेडच्या मागचा सेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बॉडीवर आणि हेडवर मिळून एक सरळ रेघ मारा. व्हाइटनरनं मारली तरी चालते. परत बसवताना रेघा जुळवा, नाहीतर इग्निशनचं टायमिंग हलेल. जमल्यास नंतर टायमिंग लाइटनं तपासून घ्या. आतली ओ-रिंग गोल असायला हवी, गेलेली असते ती चपटी, चौकोनी कडांची. साधी नळाची रिंग इथं चालत नाही. नायट्रिल रबर तेलाला टिकतं. जास्त उष्णता असलेल्या जागी व्हिटॉन घ्या, ते कितीतरी जास्त तापमान सोसतं.

इथं गोव्यातल्या माणसाची खरी अडचण येते: जुन्या स्पोर्ट्‌स कारचे पार्ट मिळणार कुठं? आपल्याकडेच बनलेली सान स्टॉर्म घ्या. दोन सीट, फायबरची बॉडी, आत रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. काउंटरवर गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार आपल्याकडेच बघत राहतो. म्हणून नाव सांगूच नका. ऑइल सीलच्या तोंडावर बहुतेक वेळा तीन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३५, ५०, ८. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुनं सील हातात घेऊन बेअरिंग आणि ऑइल सीलच्या दुकानात जा, आकडे दाखवा. ओ-रिंगचा आतला व्यास आणि दोरीची जाडी व्हर्निअरनं मोजा. फक्त क्रँक आणि कॅमच्या सीलला माप जुळणं पुरेसं नाही, ओठाची (शाफ्टला टेकणाऱ्या कडेची) दिशा आणि रबराचा प्रकारही जुळला पाहिजे. शंका असेल तर मूळ पार्ट मागवा आणि आठवडाभर धीर धरा.

खालची कामं

ड्रेन नटखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर असतो. दर ऑइल बदलाला नवा घाला. तांब्याचा नवा मिळाला नाही तर जुना तांब्याचाच गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, परत मऊ होतो.

चेंबरचं पॅकिंग बदलायचं तर गाडीखाली जावं लागतं, आणि जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली माणसानं जायचं नाही. कधीच. चाकांना दगड लावा, गाडीखाली लोखंडी स्टँड लावा, आणि अंगण मातीचं असेल तर स्टँडखाली जाड फळी ठेवा. पावसानंतर तांबडी माती कशी बसते ते आपल्याला माहीत आहे. चेंबर पत्र्याचं असेल तर बोल्टांच्या भोकांपाशी पत्रा आत दबलेला असतो. ठोकळ्यावर धरून सरळ केल्याशिवाय नवं पॅकिंगही गळेल.

पुढचं क्रँक सील टायमिंग बेल्टच्या मागे असतं. बेल्ट उतरवायचाच आहे तर बेल्ट, कॅमची सीलं आणि वॉटर पंप एकदमच करून घ्या. तेलानं भिजलेला बेल्ट रबर फुगून खराब होतो, तो परत लावायचा नाही. हे काम पहिल्यांदा एकट्यानं करू नका. बेल्टचे दात इकडे-तिकडे झाले तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मेस्ताला करू द्या, पण उभे राहा आणि बघा: नव्या सीलच्या ओठाला तेल किंवा ग्रीस लावलं का, सील वाकडं न होता सगळीकडून सारखं बसलं का, शाफ्टवर जुन्या सीलनं खाच पाडलीय का. खाच नखाला लागत असेल तर नवं सील किंचित आत किंवा बाहेर बसवतात, म्हणजे ओठ कोऱ्या जागी टेकतो.

राहिलं मागचं सील. गिअरबॉक्स उतरवायला मजुरी जबर, म्हणून वरचं सगळं कोरडं असल्याची खात्री झाल्यावरच. उतरवलाच तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग तेव्हाच बघून घ्या. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत, एमजीएसारख्या, मागे रबरी सील नसतंच. क्रँकवर उलट आट्यांची खाच असते, ती फिरताना तेल आत ढकलते आणि इंजिन थांबलं की थोडं बाहेर येतं. तिथं दोन थेंबांसाठी भांडण करू नका, पुठ्ठा ठेवा.

गळती थांबवणारी औषधं बाटलीतून मिळतात. रबर थोडं फुगवतात, महिने-दोन महिने बरं वाटतं. मोडलेल्या ओ-रिंगवर त्यांचा काही उपाय नाही. मी एक बाटली ओतली होती, ती त्या गॅरेजच्या बिलाच्या आधी.

गाडी पावसाळ्याचे चार महिने झाकून ठेवत असाल तर दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. एकाच जागी उभ्या गाडीत सीलचे ओठ कोरडे पडतात आणि दसऱ्याला गाडी बाहेर काढली की गळती तयार.

काढलेलं तेल कुठं टाकायचं, हा प्रश्न शेवटी उरतोच. वापरलेलं इंजिन ऑइल आपल्याकडे घातक कचऱ्यात मोडतं. झाडाच्या बुंध्याशी, पाटात किंवा विहिरीच्या आसपास अजिबात नाही. आमची विहीर अंगणापासून वीस पावलांवर आहे. रिकाम्या कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा आणि जिथून अधिकृत रीसायकलर तेल उचलतो अशा गॅरेजात द्या.

दुरुस्तीनंतर इंजिन परत पुसा, पावडर लावा, नवा पुठ्ठा ठेवा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. माझा पुठ्ठा आता दीड वर्ष कोरा होता. परवा चोर्ल्याहून परत आलो आणि सकाळी त्यावर एक थेंब. बोटावर घेतला, वास घेतला. गंधकाचा आला. गिअरबॉक्सचं. मेस्ताला फोन केला तर तो म्हणाला, "चवथ जातकच हाड." चतुर्थी झाली की आण म्हणतो. तोवर आईचं गोणपाट परत अंथरलंय.